सातवं रीडिंग

एप्रिल आला की मिल्टनमधल्या आमच्या गल्लीत प्रत्येक ड्राइव्हवेवर कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं दिसतं. विंटर टायर उतरवायचे दिवस. जॅकवर उचललेल्या गाड्या, घट्ट बसलेला नट सैल करताना निघणारा हुंकार, गॅरेजच्या उघड्या दारातून येणारा रबराचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग मीठ आणि धूर खाऊन काळे पडलेले असतात. हिवाळाभर त्यांनी पोटात दडवलेलं रोज थोडंथोडं बाहेर येतं: एका हाताचा मोजा, कॉफीच्या कपांची झाकणं, कुणाच्या तरी कुत्र्याचा चेंडू. आपल्याकडे चैत्रात पालवी फुटते. इथे आधी हे सगळं उघडं पडतं, पालवी मागाहून येते.

याच दिवसांत इथल्या विद्यापीठांच्या परीक्षा असतात. टोरोंटोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मुलं मांडीवर वह्या घेऊन बसलेली असतात, ओठ हलत असतात, पिवळ्या मार्करने ओळींमागून ओळी रंगवल्या जात असतात. कुणाचं टोपण खाली पडून घरंगळत माझ्या बुटापाशी येतं. मी ते उचलून देतो आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसतो. दोन वर्षं झाली, एप्रिलमध्ये मला त्या मुलांकडे नीट बघता येत नाही.

यंदाही मेल आली आहे. फ्रॅटर्निटीची. 'प्रिय ब्रदर सुधीर, पहिल्या रविवारी जेवण वाढायला येणार का? आणि यंदा एखादा मुलगा सांभाळायला घेणार का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं 'जमणार नाही' असं देत आलोय. दुसऱ्याचं देतच नाही.

फ्रॅटर्निटी हे प्रकरण आपल्या लोकांना समजावून सांगणं अवघड जातं. विद्यापीठाशेजारी एक जुनं तीन मजली विटांचं घर, दारावर ग्रीक अक्षरं, आत वीस-बावीस विद्यार्थी. एकदा शपथ घेऊन आत आलात की जन्मभर एकमेकांचे 'ब्रदर'. सिनेमांमुळे लोकांना त्यातली फक्त दारू माहीत असते. मला माहीत आहे ते वेगळं. बाबांच्या नोकरीमुळे मी सतरा वर्षांचा असताना पुण्याहून इथे आलो. विद्यापीठातल्या पहिल्या दोन महिन्यांत माझ्याशी आपणहून कुणी बोलल्याचं आठवत नाही. मग कॅफेटेरियात एका उंच, लाल केसांच्या मुलाने ट्रे हातात धरून विचारलं, "इथे कुणी बसलंय?" तो ग्रेग. त्यानेच माझ्या सुधीरचं 'सिड' केलं आणि मला त्या घरात नेलं. तिथे मी बर्फावर हॉकी खेळायला शिकलो, भांडायला शिकलो, इंग्रजीत विनोद करायला शिकलो. ते घर नसतं तर मी पहिल्याच हिवाळ्यात परत गेलो असतो.

पंचवीस वर्षांनी ग्रेग माजी सदस्यांच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याने नियम केला: प्रत्येक जुन्याने एक नवा मुलगा सांभाळायचा. त्याचा बायोडेटा बघायचा, मुलाखतीची तालीम घ्यायची, घरची आठवण आली तर जेवायला न्यायचं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जुन्यांनी एप्रन बांधून मुलांना वाढायचं. मुलं आधी जेवणार, आपण शेवटी.

"घरी स्वतःचं ताट उचलत नाहीस," मेधा, माझी बायको, म्हणाली होती, "आणि तिकडे एप्रन बांधून वाढपी!"

तन्मय वानखडे मला त्या पंगतीतच भेटला. दुसऱ्या वर्षाचा, सिव्हिलचा, नागपूरचा. मी बटाट्याच्या लगद्याचं भांडं घेऊन त्याच्यापाशी आलो तर तो चटकन उभाच राहिला.

"अहो काका, तुम्ही बसा नं. मी वाढतो."

"इथे उलटं असतं. बस."

"असं कसं? आईनं पाहिलं तर मारन मला."

"सिट डाउन, ब्रदर!" टेबलाच्या टोकाहून ग्रेग ओरडला. पोरगा अर्धवट बसला, म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकला. बटाट्याकडे बघून हळूच म्हणाला, "फोडणी द्यायची राहिली काय हो यांची?" आणि बॅगेतून सावजी मसाल्याची बाटली काढली. त्या दुपारी ती बाटली टेबलभर फिरली. ग्रेगच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने दुसऱ्यांदा मागितली.

त्या घरात सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असते. तन्मयला ते काही जमेना.

"तुम्ही पंचेचाळीसचे, मी एकोणीसचा. सुधीर कसं म्हणू? जीभच नाही वळत."

"मग काका नको म्हणूस. इथे कुणी काका नसतं. इथे सगळे भाऊ."

त्याने जरा विचार केला. "मग दादा म्हणतो. भाऊही झाला, मोठेपणही राहिलं."

त्या दिवसापासून मी दादा झालो. मला धाकटा भाऊ नाही. आयुष्यात मला दादा म्हणणारा तो एकटाच.

त्या हिवाळ्यात तो पाच-सहा वेळा मिल्टनला आला. त्याचं जॅकेट इथल्या थंडीपुढे अगदीच बापुडवाणं होतं, म्हणून मी माझं जुनं दिलं. त्यात तो गादीच्या खोळीत शिरल्यासारखा दिसायचा. आमच्या मुलीला, ईशाला, त्याची मराठी ऐकून हसू यायचं. "बाबा, व्हाय डझ ही से 'करून राहिलो'?" "कारण मी खरंच करून राहिलो असतो," तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला तो न सांगता खाली जायचा आणि शेजाऱ्याचाही अर्धा करून यायचा. आठवड्यातले तीन दिवस तो एका कॉफीच्या दुकानात काम करायचा. त्याच्या अंगाला भाजलेल्या कॉफीचा वास असायचा. मेधा म्हणायची, तन्मय येऊन गेला की घर जागं झाल्यासारखं वाटतं.

आता त्या कपाटाबद्दल.

घराच्या तळघरात एक राखाडी लोखंडी कपाट आहे, चार खणांचं. मुलं त्याला 'ग्रँडपा' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या ज्यांना उत्तम गुण मिळाले त्यांनी आपले प्रॅक्टिकलचे रिपोर्ट, जुन्या प्रश्नपत्रिका, वह्या त्यात ठेवल्या. रीत अशी: देणाऱ्याने मागच्या पुठ्ठ्यावर सर्वांत वर आपलं नाव लिहायचं, आणि वापरायला नेणाऱ्याने त्याच्या खाली आपलं. एखाद्या जाडजूड रिपोर्टच्या पाठीवर वंशावळच तयार होते. आम्हाला त्याचा अभिमान होता. चोरी म्हणून त्याकडे कुणी बघत नव्हतं. घरातलं मोठं माणूस वाट दाखवतं, तसं ते होतं.

त्यात माझाही एक रिपोर्ट आहे. दुसऱ्या वर्षाचा, पट्टी वाकवण्याच्या प्रयोगाचा. पोलादाची लांब पट्टी दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध एकेक वजन वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळी पट्टी किती खाली झुकली ते डायलवर वाचायचं. सात वजनं, सात रीडिंग. साधा प्रयोग. कुणालाही जमेल.

मी सहा घेतली. सातव्याच्या वेळी आमच्या घराचा हॉकीचा सामना होता आणि मला उशीर होत होता. संध्याकाळी आलेखावर सहा ठिपके जोडले, रेघ पुढे ओढली, आणि सातवा आकडा तिच्यावरून वाचला. अगदी रेघेवर ठेवला तर संशय येईल म्हणून तो किंचित खाली सरकवला. ४.३७ मिलिमीटर. तो 'किंचित' सुचला तेव्हा मला स्वतःची हुशारी वाटली होती, हेही सांगून टाकतो. रिपोर्टला उत्तम गुण मिळाले. म्हणून तो कपाटात गेला.

इथे इंजिनिअर होताना उजव्या हाताच्या, म्हणजे लिहित्या हाताच्या करंगळीत एक साधी अंगठी घालतात. ती घालताना शपथ घ्यायची असते. मुद्दाम त्याच बोटात, कारण सही करताना ती कागदाला घासते आणि सही कशावर करतोय याची आठवण देते. माझी अंगठी पंचवीस वर्षांत घासून गुळगुळीत झाली आहे. मी पूल तपासतो. माझ्या सहीवर, माझ्या शिक्क्यावर लोक गाड्या नेतात. त्या हॉकीच्या दुपारनंतर मी एकही आकडा बनवलेला नाही. हे खरं आहे, आणि त्याने काहीही भरून निघत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा, दोन हजार सोळाचा एप्रिल. सकाळची गाडी. मी दुमजली डब्याच्या वरच्या मजल्यावर होतो, जिथे बोलायचं नसतं, लोक डुलक्या काढतात किंवा लॅपटॉप उघडतात. बाहेर शेतांत पाणी साचलेलं, त्यावर फाटका बर्फ. फोन थरथरला. तन्मय.

"दादा, घोळ झाला. पट्टीचं प्रॅक्टिकल होतं नं, माझा पार्टनर तापानं पडला, आणि माझी शिफ्ट होती. सहा वजनं केली, सातव्याच्या आधी निघा लागलं. आज दुपारी रिपोर्ट द्यायचा आहे. सरळ लिहून देऊ काय, की सातवं नाही घेतलं? मार्क कटतीन, पण..."

समोरच्या बाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेजारचा माणूस घसा खाकरला. मी तोंडावर हात धरून कुजबुजलो, "अरे, ग्रँडपामध्ये माझा रिपोर्ट आहे. पहिली सहा जुळतायत का बघ. जुळली तर सातवं त्यातलंच घे. मागे नाव लिहायला विसरू नकोस."

"चालन काय पण तसं?"

"आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. ठेवतो आता."

एवढंच. मिनिटभराचं बोलणं. त्याने विचारलं होतं, सरळ लिहून देऊ का. त्याचं उत्तर 'हो' एवढंच होतं, आणि ते कुजबुजायलाही सोपं होतं.

माझी सहा आणि त्याची सहा तंतोतंत जुळली. नंतर कळलं ते असं: मधल्या काळात तिथे पट्टी बदलली होती. जाडी तेवढीच, पण पोलाद नरम. सहा वजनांपर्यंत ती जुन्या पट्टीसारखीच वागते. सातव्याला एकदम खोल झुकते, आणि वजन काढलं तरी पुन्हा सरळ होत नाही. प्रयोगाचा सगळा मुद्दाच आता तो होता. प्रत्येक गोष्टीला एक हद्द असते आणि तिच्यापलीकडे गेलं की परत येता येत नाही, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी तन्मयचं ४.३७ पाहिलं आणि क्षणात ओळखलं की हा आकडा त्या पट्टीतून आलेलाच नाही.

चौकशीचं पत्र आलं तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात उभा होता, जॅकेट न काढता. मेधाने पुढे केलेला चहा त्याने हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"दादा, एक लेटर द्याल? की रिपोर्ट तुमचा आहे, आणि बघ म्हणून तुम्ही म्हटलं होतं. मी खोटं नाही लिहिलं, मला वाटलं तो आकडा खरा आहे. एवढंच लिहा. बाकी चूक माझी, ते मी सांगतो नं."

"देतो," मी म्हणालो. "बघतो कसं लिहायचं ते."

त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी निसटलो. मी ग्रेगला फोन केला. तो वाईट माणूस नाही; त्यालाही ते घर जपायचं होतं. "कपाटाबद्दल कागदावर एक शब्दही नको," तो म्हणाला. "घर बंद करतील. आणि तुझ्या लायसन्सचा विचार कर. बनवलेला आकडा, सिड. पूल तपासणारा माणूस. मुलाच्या स्वभावाबद्दल चांगलं लिही, मनापासून लिही. तेवढ्याने भागेल."

बनवलेला आकडा. म्हणजे हे मी ग्रेगला कधीतरी सांगितलं होतं. सामन्यानंतर हसत हसत सांगितलं असणार.

मग रविवारी दुपारी मी ते पत्र लिहिलं. तन्मय किती कष्टाळू, किती नम्र, मोठ्यांचा मान ठेवणारा, शेजाऱ्याचाही बर्फ काढणारा. हाताने लिहिलं, म्हणजे मनापासून वाटेल. अंगठी कागदावर घासत होती. मी मेधाला वाचायला दिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "स्थळ सुचवताना लिहितात तसं आहे."

मी पाकीट शोधायला लागलो.

तिने कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "सुधीर, यात तू कुठे आहेस?"

पत्र मी तसंच पाठवलं. चौकशीच्या दिवशी बर्फाचा पाऊस पडत होता. झाडांच्या प्रत्येक काडीवर काचेचा थर चढलेला, वाऱ्याने फांद्या एकमेकींवर वाजत होत्या. मी रजा काढून गेलो होतो. दाराबाहेरच्या बाकावर दोन कॉफ्या घेऊन बसलो. आत जायला मला कुणी मनाई केली नव्हती. दारावर मूठ आपटायला किती वेळ लागतो? पण मी झाकणांवरची वाफ बघत बसलो. अर्ध्या तासाने तन्मय बाहेर आला. त्याने माझ्या हातातली कॉफी घेतली, एक घोट प्यायला, म्हणाला, "थंडी झाली दादा."

"काय विचारलं?"

"काही नाही. झालं."

मे महिन्यात निकाल आला. त्याने तो मला नुसता पुढे पाठवला, वर एक अक्षरही न लिहिता. विषयात शून्य आणि नोंदीत कायमचा शेरा. तो विषय पुन्हा पुढच्या जानेवारीत. त्यावर पुढच्या वर्षाचे सगळे विषय टांगलेले. स्टडी परमिटवर आलेल्या मुलाला तोवर नुसतं बसून राहता येत नाही. पण मला हादरवलं ते खालच्या एका वाक्याने: 'विद्यार्थ्याने सांगितले की हा आकडा त्याला कोणीही दिलेला नाही, आधीच्या सहा नोंदींवरून त्याने तो स्वतःच बनवला.'

मी ते वाक्य उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. जे मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं होतं, ते त्याने जसंच्या तसं आपल्या नावावर कबूल केलं होतं. त्याला माझी गोष्ट माहीत नव्हती. त्याला फक्त मला वगळायचं होतं, आणि मला वगळल्यावर उरणारी गोष्ट नेमकी माझीच निघाली.

ऑगस्टमध्ये तो पार पश्चिम किनाऱ्यावर, बर्नाबीला गेला. तिथे त्याचा मामेभाऊ होता, एका लहान कॉलेजात डिप्लोमाला जागा मिळाली. जायच्या आधी जॅकेट परत द्यायला आला. धुऊन, घडी घालून, पिशवीत. "तिकडे स्नो कमी पडते म्हणे," तो म्हणाला. मेधाने त्याच्यासाठी लाडू बांधले होते. ती त्याला पोचवायला बस स्टॉपपर्यंत गेली. मी दारातून हात हलवला.

जॅकेट अजून कपाटात आहे. मी घालत नाही, कुणाला देतही नाही.

या वर्षी मार्चअखेरीस फ्रॅटर्निटीच्या पानावर एक फोटो आला. चौथ्या वर्षाची चार मुलं, हात पुढे करून, करंगळ्या वर. अंगठ्या नव्या, कोऱ्या, कडा अजून धारदार. तन्मयची बॅच. मी तो फोटो ऑफिसात पाहिला आणि मग पुलाच्या एका नकाशावर सही करायची होती ती मला करता येईना. दुपारपर्यंत कागद तसाच राहिला. शेवटी गाडीत जाऊन बसलो आणि बर्नाबीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मागे काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज. तो आता एका बांधकामावर मालाचे नमुने तपासतो.

"दादा! बोला. कसे आहे तुम्ही? मेधाकाकू कशा आहे?"

मी सगळं सांगितलं. हॉकीचा सामना, रेघ, किंचित खाली सरकवलेला ठिपका. पलीकडे मिक्सर फिरत राहिला.

"म्हणजे तुम्ही पण सातवं घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"आणि त्या दिवशी फोनवर तुम्हाला हे आठवत होतं?"

गेली दोन वर्षं या प्रश्नाचं एक उत्तर मी स्वतःला देत आलो होतो: इतक्या जुन्या गोष्टी कुठे लक्षात राहतात, घाई होती, लोक बघत होते. "आठवत होतं," मी म्हणालो. "बोलतानाच आठवलं. मला वाटलं, चालून जाईल."

मग मीच विचारलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो नं. आत बसलो तेव्हा सांगणारच होतो. पण तुम्ही बाहेर बसून राहिले होते. मला वाटलं, दादाला सांगायचं असतं तर दादा आत आले असते. नाही आले, म्हणजे त्यांना नको असन." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं.

"मी आता लिहितो तन्मय. सगळं. विद्यापीठाला, आणि माझ्या लायसन्सवाल्यांनाही."

"लिहा. पण माझ्यासाठी नका लिहू दादा. मी इथं बरा आहो, काम आहे, कायमचं राहायला पीआरला अप्लाय केलं आहे. तो शेरा निघन, नाही निघन." मग एकदम, "तो रिपोर्ट अजून ग्रँडपातच आहे काय?"

"असेल."

"काऊन ठेवला बाप्पा तिथं? आधी तो काढा. यंदाच्या सेकंड इयरचं पण तेच प्रॅक्टिकल असन."

दोन वर्षं मी माझ्या अपराधाभोवती फिरत होतो, त्याला गोंजारत होतो म्हटलं तरी चालेल. आणि तो कागद तिथेच खणात पडून होता, पुढच्या मुलाची वाट बघत, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ज्याचं नुकसान झालं त्याला ते आधी सुचलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गेलो. रस्त्याच्या कडेचे ढीग अर्धे उरले होते. घराच्या पायरीवर मिठाचे पांढरे ओघळ, आत ओल्या बुटांचा आणि भाजलेल्या कोंबडीचा वास. ग्रेगने मिठी मारली, एप्रन हातात दिला. मी तो खुर्चीवर ठेवला आणि आधी तळघरात उतरलो. दुसऱ्या खणात, उजवीकडे. पुठ्ठ्याचा निळा रंग उडालेला. मागे सर्वांत वर माझं नाव, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराची ऐटबाज सही. खाली अकरा नावं. शेवटचं देवनागरीत: तन्मय वानखडे. त्या फोननंतर, त्या घाईतही, मी सांगितलं म्हणून त्याने नाव लिहिलं होतं. मी त्या बाकावर बसलो होतो तेव्हा सगळा पुरावा इथे, चालत दहा मिनिटांवर होता.

वर येऊन मी रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला, आकड्यांच्या पानावर उघडून. मुलं चमचे घेऊन बसली होती.

"सिड," ग्रेग हळूच म्हणाला, "इथे नको, ब्रदर."

"इथेच," मी म्हणालो.

सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माझं नाव, तन्मयचं नाव, दोन्ही सांगितली. बटाट्यांवरची वाफ विरून गेली. कुणी कुणाकडे बघेना. मग टेबलाच्या मधून एका चष्मेवाल्या मुलाने पान स्वतःकडे ओढलं, आकड्यांवरून बोट फिरवत सातव्या ओळीशी थांबला आणि अगदी साधेपणाने, उत्सुकतेने विचारलं, "मग खरा आकडा किती होता?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "सातवं वजन मी कधी लावलंच नाही."

मग एप्रन बांधला आणि वाढलं. मुलांनी गार जेवण मुकाट्याने खाल्लं. ग्रेग माझ्याशी बोलला नाही. पण निघताना पाहिलं, तो तळघरात उतरत होता, हातात रिकामी खोकी घेऊन.

सोमवारी दोन पत्रं टाकली. विद्यापीठाच्या पाकिटात तो रिपोर्ट घातला, मागच्या पुठ्ठ्यासकट. मी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं आहे: 'तन्मय वानखडे यांनी हा आकडा बनवला नव्हता. तो मी बनवला होता.' खाली सही, लायसन्सचा नंबर, शिक्का. अंगठी नेहमीसारखीच कागदाला घासली. उत्तर काय येईल, माझा शिक्का माझ्याकडे राहील की नाही, मला माहीत नाही. रविवारी टायर बदलायचे राहून गेले होते. आज सकाळी ड्राइव्हवेवर गुडघे टेकून बसलो आणि नट सैल करायला लागलो.